16 हजार मानधन, शाळेचा ड्रेसकोड आणि आईच्या पेटीतले आहेराचे पीस

सातपुड्याचा_पाहुणा
24 मे, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. जूनमध्ये अक्कलकुवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षण सेवक म्हणून रुजू होतोय. मानधन 16 हजार. त्यात खोली, डबा, येणंजाणं आणि घरी पाठवायचे ते वेगळे. कपड्यांसाठी पाच हजार काढलेत, त्यावर एक रुपया नाही.

कॉलेजभर जीन्स-टीशर्टवर दिवस काढले. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने शाळेत ते दोन्ही बंद. शक्यतो फिकट रंगाचा साधा शर्ट, गडद पँट, शर्ट खोचलेला. असा माझ्याकडे एकच जोड आहे, भावाच्या लग्नातला, आणि मांडी घालून बसलं की पँट आसनात कुरकुरते. पहिलीच्या पोरांसोबत खाली बसावं लागणार हे उघड आहे.

काल आईची पेटी उघडली. आहेराचे 11 शर्टपीस, 7 पँटपीस निघाले. खोक्यासकट, वरच्या प्लास्टिकसकट. काहींवर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठीही तशीच आहे. आई म्हणते हेच शिव, मित्र म्हणतात ऑनलाइन घे. तुम्ही सांगा. आणि धुण्याचंही सांगा, खोलीवर बोअरचं पाणी आहे आणि मशीन नाही.

पुणे_मुक्कामी
24 मे, रात्री 10:05

मी जळगावचा, आता पुण्यात. सरळ हिशोब बघा. शर्टाची शिलाई हल्ली 300-350, पँटची 450-500. सेलमध्ये तयार शर्ट 500-600 ला मिळतो. फुकटच्या कापडावर साडेतीनशे घालून अंगाला न बसणारा शर्ट घेण्यापेक्षा दीडशे जास्त टाका. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला जीएसटी 5 टक्केच आहे. आधी हजाराच्या वर गेलं की 12 लागायचा. त्यामुळे 999 च्या लेबलला आता पूर्वीइतका अर्थ नाही, अकराशेचा चांगला शर्ट दिसला तर घाबरू नका.

मापाची एक गोष्ट. फॉर्मल शर्टावर 39, 40, 42 असं असतं ना, तो आकडा बहुतेक ठिकाणी गळ्याचा असतो, सेंटिमीटरमध्ये. छातीचा नाही. मी दोन वर्षं छातीचे इंच समजून घेत होतो आणि वरचं बटण लागत नाही म्हणून कंपनीला शिव्या देत होतो.

काजबटण
25 मे, सकाळी 7:15

पारोळा. वडिलांचं शिलाईचं दुकान, मी काउंटरवर वाढलोय, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आहेराचा पीस म्हणजे फुकटचं कापड, हे आधी डोक्यातून काढा. अर्धे पीस फक्त फिरण्यासाठीच जन्माला आलेले असतात. आमच्याकडे एक गिऱ्हाईक पँटपीस घेऊन आलं. खोक्यावर आतल्या बाजूने आमच्याच दुकानातला शिलाईचा जुना हिशोब पेन्सिलीने लिहिलेला, वडिलांच्या अक्षरात. आम्हीच तो पीस नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात दिलेला! तीन तालुके फिरून घरी आला. घडीवर कापड विरलं होतं, हाताने ओढलं तर टर्रकन गेलं. म्हणून पहिलं काम, सगळे पीस उलगडा, उजेडासमोर धरा, घडीची रेघ बघा. तिथे पिवळी पट्टी किंवा विरळ धागा दिसला तर तो पीस झाडपुसीला.

दुसरं, टेप लावा. खोक्यावर 1.60 मीटर लिहिलंय म्हणून तेवढं असतंच असं नाही. आणि पन्हा (कापडाची रुंदी) बघितल्याशिवाय लांबीला अर्थ नाही. 58 इंची पन्ह्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट 1.60 मध्ये बसतो, पँट 1.20 ते 1.30 मध्ये. 36 इंची पन्हा असेल तर शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर हवं. 36 पन्ह्याचे दीड-पावणेदोन मीटरचे पीस आहेरात खूप फिरतात. त्यात तुमचा शर्ट होत नाही, भाच्याचा होतो.

तिसरं, काडी लावून बघा. कडेचे चार-पाच धागे ओढा, चिमट्यात धरा, काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरगळणारी राखाडी राख, म्हणजे सुती. काळा धूर, धागा आकसत जाऊन टोकाला कडक मणी, म्हणजे पॉलिस्टर. दोन्हींचं मिश्रण असेल तर जळतंही आणि कडक खडाही राहतो. मिश्रणाला नावं ठेवू नका. जुन्या टेरिकॉटमध्ये साधारण 67 टक्के पॉलिस्टर आणि 33 टक्के कॉटन असायचं, त्या शर्टांवर आपल्या बापजाद्यांनी अख्ख्या नोकऱ्या काढल्या. पण उन्हाळ्यात नुसतं पॉलिस्टर अंगात घालून आपल्याकडे दुपारी वर्गात उभं राहायचं, तर ती शिक्षाच.

पॅंटपीसच्या किनारीवर मिलचं नाव विणलेलं असेल तर तो पीस आधी बाजूला काढा. छापलेलं असेल तर फार भुलू नका.

शिंप्याला काय सांगायचं ते वेगळं लिहितो, गिऱ्हाईक आलं.

उधना_पॅसेंजर
25 मे, दुपारी 1:20

मूळ शिंदखेडा, दोन पिढ्या सुरतेत. आमच्या उधना-लिंबायतला आपलीच माणसं इतकी की भाजीवालीशी अहिराणीत भाव होतो.

दर मे महिन्यात गावाकडून कोणी तरी फोन करतं, "सुरतला येतो, कापड स्वस्त मिळेल." या भो, चहा पाजतो, पण पुरुषांच्या सुती शर्टासाठी येऊ नका. इथल्या रिंग रोडच्या मार्केटात मुख्य धंदा साड्या आणि ड्रेस मटेरियलचा, आणि मान पॉलिस्टरचा. ठोकमध्ये घेणाऱ्याला भाव, तुमच्या दोन शर्टांना नाही. तिकीट, नाश्ता, ऑटो धरलं तर नंदुरबारलाच स्वस्त पडेल.

एक मात्र बोलतो. अक्कलकुव्याला चार महिने पाऊस. तिथे शुद्ध कॉटनची पँट तीन दिवस वाळणार नाही आणि कुबट वास मारेल. पँट पॉलिस्टर-व्हिस्कोसचीच घ्या, रात्री धुतली तर सकाळी घालता येते, इस्त्रीही कमी लागते. कॉटन शर्टाला, मिश्रण पँटला.

काजबटण
25 मे, रात्री 8:50

उधनावाल्या दादांशी पूर्ण सहमत. आता शिंप्याचं.

सुती कापड असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, मगच द्या. शिंपी "करतो मी" म्हणेल. तुम्हीच करा. बिनश्रिंकचा शर्ट पहिल्या धुण्यात लांबीला दीड इंच सहज वर जातो, मग तो खोचलेला राहत नाही. फळ्यावर हात वर केला की पाठ उघडी.

पँटला आसनात आणि मागच्या मधल्या शिलाईत इंचभर माया (शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) ठेवायला सांगा, आणि खाली दोन इंच आत दुमडायला. डब्याचं जेवण लागलं किंवा सुटलं, दोन्हीत कामाला येते. आसनात दुहेरी टीप. पुढे एकेक प्लेट (चुणी) घ्या. हल्ली प्लेट कोणी घालत नाही हे मला माहीत आहे, पण तुम्हाला दिवसातून वीस वेळा खाली बसायचंय. फॅशनवाले पोरांसमोर मांडी घालत नाहीत.

कॉलरसाठी बकरम (आत घालायचं कडक कापड) कुठलं वापरणार तेवढं विचारा. स्वस्त तयार शर्टात इस्त्रीने चिकटवायचं हलकं बकरम असतं, पाच-सहा धुण्यांत सुटतं आणि कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे येतात. ते परत बसत नाहीत. पुणेकर भाऊ, तुमच्या पाचशेच्या शर्टाचं सहा महिन्यांनी काय होतं ते प्रामाणिकपणे सांगा.

पुणे_मुक्कामी
25 मे, रात्री 9:30

फुगे येतात. मान्य. 🙏

पण सगळेच शिंपी तुमच्या वडिलांसारखे नसतात हेही मान्य करा. मी एकदा लग्नसराईत शिवायला टाकलेला शर्ट हळदीला हवा होता, मिळाला सत्यनारायणाला. आणि एक बाही आखूड.

काजबटण
25 मे, रात्री 9:34

लग्नसराईत टाकला ही तुमची चूक. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या काळात शिंप्याकडे फक्त पाणी प्यायला जावं.

निंबोळी
26 मे, दुपारी 3:10

चोपड्याहून. ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, घरचं धुणंही माझ्याच वाट्याला आहे, म्हणून दोन्ही अधिकारांनी लिहिते. वर सगळा जोर घेण्यावर आणि शिवण्यावर आहे. धुण्यावर एक ओळ नाही. तुम्हा पुरुषांचे शर्ट फाटून कमी आणि चुकीच्या धुण्याने जास्त मरतात.

बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. साबणाची वडी त्यात फेस करायच्या आधी त्या क्षारांशी चिकटते आणि राखाडी साका होतो. तोच कापडात बसतो. पांढरा बनियन वर्षात मळकट, टॉवेल पापडासारखा, हे त्यामुळे. आपण मग आणखी वडी घासतो, म्हणजे आणखी साका. उपाय महाग नाही. बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा टाका (खायचा नव्हे), ढवळा, दहा मिनिटं थांबा, मग पावडर. वडीपेक्षा पावडर जड पाण्यात बरी चालते. शेवटच्या खळबळीत अर्धं लिंबू किंवा चमचाभर व्हिनेगर. पण ज्या दिवशी पांढऱ्याला ब्लीच घातलंय त्या दिवशी त्या पाण्यात लिंबू-व्हिनेगर अजिबात नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि मोरी लहान असते.

कॉलरची काळी रेघ म्हणजे मातीपेक्षा जास्त अंगाचं तेल. त्यामुळे ब्रशने खरवडून कॉलर फाडण्यापेक्षा थेंबभर शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. काखेतला पिवळा डाग घाम आणि डिओ मिळून होतो, त्यावर ब्लीच टाकलं तर तो आणखी पिवळा पडतो. आत सुती बनियन घालणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. आल्या आल्या शर्ट साध्या पाण्यातून काढून टाकला तर निम्मं काम तिथेच होतं. खुंटीवर टांगून दुसऱ्या दिवशी परत घालू नका, मला त्या खुंटीचा अनुभव आहे.

आणि शेवभाजी. पांढऱ्या शर्टावर रस्सा सांडणार, आपल्याकडे हे ठरलेलंच. सांडल्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून जास्त घासतो. घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते, प्रयोगशाळेत हळदीचा कागद आम्ही त्यासाठीच वापरतो. आधी भांड्याच्या लिक्विडने तेल काढा, मग धुऊन ओलाच शर्ट कडक उन्हात डाग वर करून टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, एक-दोन उन्हांत फिका होतो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र लावायची नाही.

बाकी सगळे कपडे उलटे करून सावलीत. आपल्या मेच्या उन्हात शर्ट खांद्यावर आणि गडद पँट गुडघ्यावर विटते, दोन महिन्यांत जुनी दिसते.

केळीवाला_रावेर
26 मे, रात्री 10:15

ताई हळदीचं पटलं. पण केळीच्या चिकाला काही औषध असेल तर सांगा. घड कापताना दांड्यातून पाण्यासारखा पातळ गळतो, त्या वेळी काही दिसत नाही. संध्याकाळी बघावं तर तपकिरी, आणि दुसऱ्या दिवशी काळा. मी साखरपुड्याचा नवा शर्ट घालून गाडी भरताना "एकच घड देतो उचलून" म्हटलं होतं. तो शर्ट आता वावरातलाच आहे. डागही कायमचा झाला, म्हणून बायकोला रोज दिसतो.

निंबोळी
26 मे, रात्री 10:40

ओला असतानाच भरपूर पाण्याने गेला तर गेला. हवा लागून काळा झाला की तो कापडाचा रंगच समजा. त्याला औषध म्हणजे वावराचे कपडे वेगळे.

भुसावळकर_निवृत्त
27 मे, सकाळी 6:05

तुमच्या पाच हजारांत मी रेल्वेतली पहिली चार वर्षं काढली असती. असो, म्हाताऱ्याने भाव सांगू नयेत.

माझे वडील अमळनेरला प्रताप मिलमध्ये होते. घरात दोन शर्ट, एक धुण्यात, एक अंगावर. कॉलर घासून धागे निघाले की आई ती उसवायची, उलटवून परत जोडायची. आतली बाजू वर आली की शर्ट पुन्हा दोन वर्षं नवा. आज हे काम करणारा शिंपी शोधावा लागेल, पण विचारून बघा, पन्नास-साठ रुपयांत होईल. इस्त्रीला तांब्यात निखारे. पँटची घडी गादीखाली, रात्रभर आपल्याच वजनाने इस्त्री. हे मी अजून करतो, सून हसते.

साबणाचं निघालं म्हणून सांगतो. 1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिथे धुण्याचा साबणही व्हायचा, 787 नावाचा. आमच्या घरी तोच. पुढे तीच कंपनी विप्रो झाली. आमची नातवंडं तिच्या बंगलोरच्या ऑफिसात कामाला आहेत, त्यांना साबणाची गोष्ट खोटी वाटते.

आई अहिराणीत म्हणायची, "नवं लेवाना पहिले जुनं दख." (नवं घेण्याआधी जुनं बघ.) तुमच्या भावाच्या लग्नातली ती कुरकुरणारी पँट फेकू नका. आसनात माया असेल तर सोडवून घ्या, एक पँट तिथेच वाचली.

सातपुड्याचा_पाहुणा
27 मे, रात्री 9:00

सगळ्यांचे आभार. आज अंगणात आईने आणि मी सगळे पीस उलगडले. काडी लावली. शेजारचे काका विचारायला आले, घरात काय जळतंय म्हणून. उरलेलं पुढे कळवतो.

सातपुड्याचा_पाहुणा
9 ऑगस्ट, सायंकाळी 6:30

उशीर झाला, इथे रेंज टेकडीवर येते.

11 शर्टपीसांतले 3 कामाचे निघाले. चारांचा पन्हा 36 आणि लांबी अपुरी, तीन निव्वळ पॉलिस्टर, एक घडीवर विरलेला. पँटपीस तीन चांगले. शिलाई: तीन पँट 1350, तीन शर्ट 900. नंदुरबारला दोन तयार सुती शर्ट 1100. बनियन-मोजे 400, पट्टा 250, पावसाळी सँडल 700. एकूण 4700. उरलेल्या तीनशेत सोडा, ब्रश, क्लिपा आणि निंबोळी ताईंची लिंबं. भावाच्या लग्नातली पँट सोडवली, पाऊण इंच माया निघाली. ती चौथी.

चूक सांगतो. दोन सुती पीस भिजवले, तिसरा घाईत तसाच शिंप्याला दिला. पहिल्या धुण्यानंतर तो शर्ट बरोबर काजबटण यांनी सांगितलं तेवढा वर गेला. फळ्यावर "अ" काढायला हात वर केला आणि पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, तुमचं बनियन दिसतं." आता तो शनिवारी कवायतीला, वर स्वेटर घालून.

उधनावाल्या दादांचा पँटचा सल्ला सोन्यासारखा ठरला. जुलैत सलग आठ दिवस ऊन नव्हतं. पँट रात्रीत वाळत होती, शर्ट नाही. शर्ट वाळवायला घरमालकांच्या चुलीवर दोरी बांधली तर सगळा वर्ग मला धुराचा वास येतो म्हणू लागला. आता शर्ट आधी टॉवेलमध्ये गुंडाळून पिळतो, मग पंख्याखाली टांगतो. वीज असेल तर सकाळपर्यंत होतो.

प्लेटच्या पँटवरून मित्र हसले. पण दोन महिन्यांत एकदाही आसन उसवलं नाही. मुख्याध्यापकांची उसवली. मी काही बोललो नाही.

निंबोळी
9 ऑगस्ट, रात्री 8:15

ओला शर्ट टॉवेलमध्ये पिळायचा हे मी सांगायला विसरले होते. स्वतः शोधलंत, छान. पंख्याखाली टांगताना हँगरवर टांगा, बटणं लावून. खांद्याला दोरीची खूण पडत नाही.

काजबटण
9 ऑगस्ट, रात्री 9:02

आखूड शर्ट फेकू नका. खाली त्याच रंगाची तीन इंचाची पट्टी जोडून मिळते, खोचल्यावर दिसत नाही. उरलेल्या पिसांचं काय केलंत?

सातपुड्याचा_पाहुणा
9 ऑगस्ट, रात्री 9:20

विरलेल्याचे फळा पुसायचे फडके झाले. बाकीचे अकरा आईने परत घड्या घालून खोक्यात ठेवलेत. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे.

काजबटण
9 ऑगस्ट, रात्री 9:23

चिठ्ठ्या काढायला सांगा.

केळीवाला_रावेर
9 ऑगस्ट, रात्री 9:31

लग्न कुठे आहे? आमच्याकडे डिसेंबरात एक आहे म्हणून विचारतो.